मध किती काढावा, किती ठेवावा?

मे महिना संपत आला, की महाबळेश्वरच्या बाजारपेठेतील गर्दी ओसरू लागते. मध, चणे आणि स्ट्रॉबेरीचा जॅम यांची शेवटची खरेदी चालू असते. पर्यटकांचा हंगाम असा आवरता घेतला जात असताना आसपासच्या डोंगरगावांतील मधपाळांपुढे मात्र वर्षातला सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. घरामागे, बांधावर किंवा रानाच्या कडेला ठेवलेल्या पेट्या या दिवसांत मधाने जड झालेल्या असतात. जांभळाचा मोहोर सरलेला असतो, हिरडाही फुलून जात असतो. दोन-तीन आठवड्यांत पाऊस येणार आणि तो एकदा लागला, की माशीला धड बाहेर पडता येणार नाही. पेटीत आहे तो सगळा मध काढून घ्यावा, की त्यातला काही माश्यांसाठी राहू द्यावा?

बाटलीतला मध विकत घेणाऱ्याला हा प्रश्न सहसा ठाऊक नसतो. मध हा मधमाश्यांनी आपल्या अडचणीच्या दिवसांसाठी केलेला साठा आहे. त्यातला त्यांच्या गरजेपेक्षा अधिक असलेला हिस्सा कोणता, हे ओळखून तेवढाच घेणे, हे छोट्या प्रमाणावरील मधमाशीपालनाचे खरे कसब. पेटीची रचना, मध काढण्याचे यंत्र, हंगामाचे वेळापत्रक या सर्वांचा उगम त्याच गरजेत आहे.

पाळता येणारी माशी

महाराष्ट्रात मधमाश्यांचे प्रामुख्याने चार देशी प्रकार आढळतात. उंच कडे, मोठी झाडे किंवा शहरातील इमारतींच्या सज्जांखाली एकच प्रचंड पोळे लटकवणारी ती आग्या माशी. तिच्याकडून मध भरपूर मिळतो. पण ती उघड्यावरच राहते, स्वभावाने रागीट असते आणि ऋतूनुसार स्थलांतर करते. त्यामुळे ती पेटीत नांदत नाही. झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढे पोळे बांधणारी फुलोरी माशीही उघड्यावर राहणारी. भिंतींच्या फटींत राहणाऱ्या चिमुकल्या पोया माशीला नांगीच नसते. तिचा मध अगदी थोडा, चवीला आंबटगोड आणि औषधी म्हणून मानाचा.

उरते ती सातेरी. झाडाची ढोली, खडकातील कपार, जुन्या भिंतीतील पोकळी अशा अंधाऱ्या जागी ती एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधते. अंधारात राहण्याची आणि अनेक पोळी बांधण्याची ही सवय असल्यामुळेच ती लाकडी पेटीत रुळते. सह्याद्रीतील मधपाळ परंपरेने सांभाळतो ती हीच माशी.

याखेरीज मूळची युरोपातील मेलिफेरा माशी आता भारतात सर्वत्र परिचयाची झाली आहे. १९६२ मध्ये हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे ती यशस्वीपणे स्थिरावली आणि पुढे पंजाब, हरियाणातील मोहरीच्या शेतांत तिने मोठा व्यवसाय उभा केला. सातेरीच्या पेटीतून वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध मिळतो, तर मेलिफेराची पेटी त्याच्या कितीतरी पट मध देते. मात्र त्यासाठी फुलोऱ्यामागून पेट्या गाडीत घालून शेकडो किलोमीटर हिंडावे लागते. भांडवल हाताशी नसलेल्या, शेती सांभाळून पाच-दहा पेट्या ठेवणाऱ्या डोंगरी शेतकऱ्याला ते परवडत नाही. त्याला स्थानिक हवामानाला सरावलेली आणि एक-दीड किलोमीटरच्या परिघातच चारा शोधणारी सातेरी सोयीची पडते.

फुलातून पोळ्यापर्यंत

सातेरीच्या एका वसाहतीत राणी एकच असते. काही शे नर आणि हजारो कामकरी माश्या हा उरलेला परिवार. राणीचे काम अंडी घालण्याचे. नरांचा उपयोग राणीशी मीलन होण्यापुरता. बाकी सगळा संसार कामकरी माश्यांवर. पिल्लांना भरवणे, मेण पाझरवून पोळे बांधणे, दारावर पहारा देणे आणि शेवटच्या टप्प्यात मकरंद व पराग आणणे, ही कामे वयानुसार त्यांच्याकडे येतात. ऐन हंगामात राबणाऱ्या कामकरी माशीचे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे. म्हणजे मार्चमध्ये जांभळावर गेलेली माशी तिने आणलेला मध खायला पावसाळ्यात जिवंत नसते. तो साठा तिच्या मागून येणाऱ्या पिढ्यांच्या कामी येतो.

फुलातला मकरंद हा पातळ साखरपाणी असतो. त्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते. माशी तो आपल्या मधपिशवीत भरून आणते आणि पेटीतील माश्यांच्या तोंडी देते. तोंडातोंडी होणाऱ्या या देवाणघेवाणीत माश्यांच्या ग्रंथींतील विकर त्यात मिसळतात आणि मकरंदातील साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांत रूपांतर होते. मग तो थेंब कोठडीत ठेवला जातो आणि शेकडो माश्या पंखांनी वारा घालून त्यातील पाणी उडवतात. मध पुरेसा घट्ट झाला, की कोठडीच्या तोंडावर मेणाचे पातळ झाकण बसते. माश्यांच्या दृष्टीने तो मध आता पिकला, टिकाऊ झाला.

मेणाची ही झाकणे मधपाळाच्या फार उपयोगाची. एखाद्या चौकटीतील तीन चतुर्थांश कोठड्या बंद झालेल्या दिसल्या, की ती चौकट काढण्याजोगी झाली असे तो समजतो. त्याआधी काढलेला मध पातळ असतो आणि बाटलीत आंबतो. सह्याद्रीच्या दमट हवेत तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार मधातील पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. सातेरीच्या मधात ते याहून वर जाणे नवीन नाही. मध पिकण्याची वाट पाहणे हाच छोट्या मधपाळाकडील बिनखर्ची उपाय. मात्र मे महिन्यात ही वाट पाहताना त्याचे एक डोळे आभाळाकडे लागलेले असतात. लवकर काढावा तर मध कच्चा, थांबावे तर वळवाच्या सरी.

पेटीने काय बदलले?

पेटी येण्यापूर्वी सातेरीचा मध मिळवण्याचा मार्ग एकच होता. ढोली फोडायची, धूर करायचा, पोळी कापून काढायची आणि फडक्यात घालून पिळायची. अशा मधात मेण, पराग आणि पिल्लांचा रसही उतरे. त्याहून वाईट म्हणजे पिल्लांसकट पोळे गेल्यावर ती वसाहत उद्ध्वस्त होई. एका वर्षीच्या दोन-चार किलो मधासाठी पुढच्या सगळ्या वर्षांचा मध घालवण्याचा हा प्रकार होता.

१८५१ मध्ये अमेरिकेतील लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळे आणि भिंत यांच्यामध्ये विशिष्ट रुंदीची, म्हणजे एक सेंटिमीटरहून थोडी कमी फट ठेवली, तर माश्या ती वाट म्हणून मोकळी सोडतात. मेणाने बुजवत नाहीत. या निरीक्षणावर सुट्या चौकटींची पेटी तयार झाली. प्रत्येक पोळे स्वतंत्र चौकटीत असल्यामुळे ते न मोडता वर उचलता येते, पाहता येते आणि पुन्हा जागेवर ठेवता येते. त्यानंतर १८५७ मध्ये जर्मनीत मेणपत्रा आला आणि १८६५ मध्ये फ्रान्झ हृष्का याने फिरत्या गतीने मध बाहेर फेकणारे यंत्र लोकांपुढे मांडले. आजचे मधमाशीपालन या तीन शोधांवर उभे आहे. भारतात सातेरीच्या लहान आकाराला साजेशी पेटी बनवण्याचे काम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिणेत फादर न्यूटन यांनी केले. आज या माशीसाठी प्रमाणित मापांच्या पेट्या मिळतात.

पेटीत खाली तळपाट, त्यावर शिशुकोठी, तिच्यावर मधकोठी आणि सर्वांत वर झाकण, अशी मांडणी असते. शिशुकोठीत राणी अंडी घालते, तेथेच पिल्ले वाढतात आणि चौकटींच्या वरच्या कडेला माश्या घरखर्चाचा मध ठेवतात. फुलोरा जोरात असला आणि खालची जागा अपुरी पडू लागली, की त्या वर चढून मधकोठीत साठवू लागतात. मधपाळाने हात घालायचा तो या वरच्या मजल्यातच. शिशुकोठीतील मध काढायचा नाही, हा या व्यवसायातील पहिला दंडक. घरखर्च आणि शिल्लक यांची विभागणी पेटीने अशी डोळ्यांना दिसेल इतकी स्पष्ट केली.

नवी वसाहत मिळवण्यासाठी अनेक मधपाळ आजही रानाकडेच जातात. ढोलीतील पोळी हलक्या हाताने कापून, पिल्लांचा भाग केळीच्या सोपाने रिकाम्या चौकटीला बांधतात. राणी पेटीत आली, की बाकीच्या माश्या तिच्यामागून येतात. काही दिवसांत त्या पोळे चौकटीला मेणाने जोडतात आणि सोपाचे तुकडे कुरतडून बाहेर टाकतात. पेटी नांदती झाल्याची ती खूण.

मध काढण्याचा दिवस

मध काढण्यासाठी कोरडा, उन्हाचा दिवस निवडतात. अशा वेळी बऱ्याचशा माश्या बाहेर गेलेल्या असतात आणि घरात राहिलेल्याही शांत असतात. धुराड्यात गोणपाटाचा तुकडा किंवा नारळाची शेंडी पेटवून पेटीच्या दाराशी थंड धुराचे दोन-चार झोत सोडले जातात. धुराची चाहूल लागताच माश्या पोटभर मध पिऊन घेतात आणि मवाळ होतात. शिवाय माशी डंख मारते तेव्हा सुटणारा इशाऱ्याचा गंध धुरात दबून जातो. हा गंध बराचसा पिकल्या केळ्यासारखा असतो. म्हणूनच पेटीजवळ जाण्यापूर्वी केळे खाऊ नये, असे जाणते लोक बजावतात.

मधकोठीतील एकेक चौकट उचलून तिच्यावरील माश्या मऊ कुंच्याने पेटीत झाडल्या जातात. चौकटी झाकून बंद खोलीत नेल्या जातात. उघड्यावर मध काढला, तर वासाने शेजारच्या पेट्यांतील माश्या तुटून पडतात आणि लुटालूट सुरू होते. गरम पाण्यात बुडवलेल्या धारदार सुरीने मेणाची झाकणे पातळशी तासून काढतात. मग चौकटी यंत्राच्या पिंपात उभ्या बसवून हाताने दांडा फिरवला जातो. सुरुवातीला सावकाश, मग जरा वेगाने. मध पिंपाच्या भिंतीवर उडून खाली ओघळतो. एक बाजू रिती झाली, की चौकट उलटी करून दुसरी बाजू. घाई केली, तर नवे, कोवळे पोळे फाटते.

रिकामी पोळी संध्याकाळी पेटीत परत ठेवली जातात. ही परतफेड महत्त्वाची आहे. एक किलो मेण तयार करण्यासाठी माश्यांना साधारण सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो, असा अंदाज आहे. पोळे पिळून टाकले, तर हा सगळा खर्च माश्यांना पुन्हा करावा लागतो. ते शाबूत परत दिले, तर त्या दुसऱ्या दिवसापासून थेट मध भरायला लागतात.

काढलेला मध मलमलीच्या कापडातून गाळून एक-दोन दिवस स्थिर ठेवतात. मेणाचे कण आणि फेस वर येतो, तो काढून टाकला की मध बाटल्यांत भरण्यास तयार. उकळण्याची, पाक करण्याची काहीच गरज नसते. जास्त उष्णता दिल्यास मधाचा सुवास उडतो आणि त्यातील विकर नष्ट होतात.

कारवीचे वर्ष

मधाला चव आणि रंग येतो तो फुलांमुळे. जांभळाचा मध गडद आणि किंचित तुरट, हिरड्याचा वेगळा, गेळ्याचा वेगळा. सह्याद्रीतील मधपाळ मात्र सर्वाधिक आतुरतेने वाट पाहतो ती कारवीची. डोंगरउतारांवर माजणारे हे झुडूप सात-आठ वर्षे नुसते वाढते आणि मग एका पावसाळ्याच्या अखेरीस साऱ्या डोंगरावर एकदमच जांभळ्या-निळ्या फुलांनी बहरते. बी धरले, की मरून जाते. मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असा बहर २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये आला. प्रत्येक डोंगराचे वर्ष वेगळे असू शकते. काही वर्षांच्या अंतराने फुलणारी व्हायटीही याच घराण्यातली.

कारवीचा मध दाट असतो आणि त्याची एक तऱ्हा आहे. पोळ्यात तो खिरीसारखा थिजून बसतो आणि ढवळल्याशिवाय वाहत नाही. त्यामुळे नेहमीप्रमाणे यंत्र फिरवून तो सहज बाहेर येत नाही. ढवळला, हलवला, की पातळ होतो आणि स्थिर ठेवला, की पुन्हा आळतो. त्यातील साखरेचे प्रमाणही इतर मधांहून वेगळे. देशभरातील मधाला लागू होणाऱ्या अन्नसुरक्षा नियमांत सर्वसाधारण मधासाठी सुक्रोजची मर्यादा पाच टक्के आहे. कारवीच्या मधासाठी, तिच्या ‘कार्व्हिया कॅलोसा’ या जुन्या शास्त्रीय नावाचा उल्लेख करून, ती दहा टक्के ठेवलेली आहे. ज्या झुडपाच्या काठ्यांनी कोकणात आणि मावळात पिढ्यान्‌पिढ्या घरांचे कूड उभे राहिले, त्याची दखल अशी कायद्याने घेतली आहे.

कारवी फुलली, की पावसाने कृश झालेल्या वसाहती पुन्हा भरतात आणि मधपाळाच्या हातीही अधिकचा मध येतो. त्यासाठी पेटीतील माश्या तोवर जगलेल्या असाव्या लागतात. येथे पुन्हा मे महिन्यातील त्या निर्णयाशी येऊन ठेपावे लागते.

चार महिन्यांचा हिशेब

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. धुके आणि संततधार यांमुळे माश्यांना दिवसेंदिवस उडता येत नाही. रानात फुलेही थोडीच, आणि जी असतात त्यांतला मकरंद पावसाने धुऊन जातो. राणी अंडी घालणे कमी करते. जुन्या माश्या मरतात, नव्या पुरेशा तयार होत नाहीत. वसाहत आटत जाते.

संख्या घटली, की सगळ्या पोळ्यांवर माश्यांचा पहारा राहत नाही आणि उघड्या पडलेल्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो. त्याच्या अळ्या मेण पोखरत जातात आणि मागे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू सोडतात. उपासमार आणि किडा यांना कंटाळून सातेरी एके दिवशी घर सोडते. पेटी उघडावी तर आत चिटपाखरू नाही, हा अनुभव नवख्या मधपाळांना पहिल्या पावसाळ्यात हमखास येतो. गृहत्याग हा सातेरीचा सर्वांत मोठा दोष मानला जातो. प्रत्यक्षात तो तिच्या जगण्याचा मार्ग आहे. रानातील ढोलीत अन्न संपले, की दुसरीकडे जाणे हाच तिच्यापुढील पर्याय असतो.

यावर उपाय म्हणून साखरेचा पाक दिला जातो. साखर आणि पाणी समभाग घेऊन, उकळून, पूर्ण गार केलेला पाक संध्याकाळच्या वेळी पेटीत ठेवतात, म्हणजे लुटारू माश्या येत नाहीत. उपासाच्या काळात एका वसाहतीला आठवड्याला साधारण दोनशे ग्रॅम साखर लागते. सोळा-सतरा आठवड्यांत ती तीन-साडेतीन किलो होते. मधाचा आणि साखरेचा बाजारभाव पाहिला, तर सगळा मध काढून घ्यावा आणि त्याबदल्यात साखर द्यावी, हा सौदा फायद्याचा वाटतो. पुष्कळ जण तो करतातही.

हा हिशेब मात्र अपुरा आहे. साखरेच्या पाकात ऊर्जा असते, मधातील इतर घटक नसतात. पिल्लांना वाढवायला लागणारी प्रथिने तर परागातूनच मिळतात. संततधारेत दर आठवड्याला पेटी उघडावी लागली, तर आत गारवा शिरतो आणि माश्या बिथरतात. एखादा आठवडा चुकला, की वसाहत कोसळते. म्हणून अनुभवी मधपाळ मधकोठीतील काही भरलेल्या चौकटी तशाच ठेवतो, रिकामी पोळी काढून कोरड्या जागी नीट झाकून ठेवतो, दुबळ्या वसाहती एकत्र करतो आणि साखर हाताशी ठेवतो ती गरजेपुरती. त्याचे दोन-तीन किलो मधाचे पैसे बुडतात, पण ऑक्टोबरात पेटी भरलेली सापडते. पेटी रिकामी झाली, तर नवी वसाहत मिळवून तिच्यापासून मध मिळेपर्यंत दुसरे वर्ष उजाडते.

पाक देण्याचा आणखी एक नियम कसोशीने पाळावा लागतो. मधकोठी चढवलेली असताना आणि फुलोरा चालू असताना पाक द्यायचा नाही. माश्या तो मधासारखाच कोठड्यांत भरतात आणि झाकणही लावतात. पोळ्यातून काढलेला असूनही तो मध नसतो. भेसळ कारखान्यातच होते असे नाही. घाई झालेल्या मधपाळाच्या हातूनही ती होऊ शकते.

ग्राहकाने काय पाहावे?

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने बाजारातील १३ नाममुद्रांच्या मधाच्या चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर केले. त्यांतील फक्त तीन सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झाल्या. तांदूळ आणि इतर पिकांपासून बनवलेले, नेहमीच्या चाचण्यांना चकवणारे साखरेचे द्राव मधात मिसळले जातात, हे त्या वेळी देशभर चर्चेत आले. याचा फटका सर्वांत आधी बसतो तो प्रामाणिक छोट्या मधपाळाला. स्वस्त द्रावाशी दरात त्याची बरोबरी होऊ शकत नाही.

घरी करायच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या चाचण्यांवर विसंबता येत नाही. पाण्यात टाकलेला थेंब तळाशी जाणे, कागदावर डाग न पडणे, काडी पेटणे या साऱ्यांतून फार तर मधाचा दाटपणा कळतो आणि दाट तर साखरेचा पाकही असतो. मध गोठून दाणेदार होणे हीसुद्धा भेसळीची खूण मानू नये. ग्लुकोज अधिक असलेले कित्येक अस्सल मध थंडीत गोठतात. बाटली कोमट पाण्यात ठेवली, की ते पूर्ववत होतात. खरी परीक्षा प्रयोगशाळेतच होते. ग्राहकाच्या हाती आहे ते इतकेच, की मध कोठला, कोणत्या हंगामातला आणि कोणत्या फुलांचा हे सांगू शकणाऱ्याकडून तो घ्यावा. वर्षभर एकाच रंगाचा, एकाच चवीचा आणि हवा तितका मिळणारा मध पाहून मनात शंका यायला हवी. एक वर्षाखालील बाळाला मात्र कोणताही मध, कितीही शुद्ध असला तरी, चाटवू नये. त्यातील जिवाणूंच्या बीजांमुळे बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

मधापलीकडचे उत्पन्न

एखाद्या साथीने हा सारा डोलारा किती झटकन कोसळतो, याचा अनुभव दक्षिण भारताने घेतला आहे. १९७६ मध्ये थायलंडमध्ये प्रथम नोंदल्या गेलेल्या एका विषाणूजन्य रोगाने सातेरीच्या अळ्या पिशवीसारख्या फुगून मरतात. १९९१-९२ मध्ये केरळ, तामीळनाडू आणि कर्नाटकात त्याची लाट आली आणि बहुसंख्य वसाहती नष्ट झाल्या. हजारो कुटुंबांचा जोडधंदा बुडाला. ज्या वसाहती त्यातून वाचल्या, त्यांच्यापासून पुढे पैदास करत हा व्यवसाय हळूहळू सावरला. वेडा राघू आणि गांधीलमाशी हे तर नेहमीचेच शत्रू. अलीकडे त्यांत शेतातील कीटकनाशकांची भर पडली आहे. फुलोऱ्यात असलेल्या पिकावर भर दुपारी फवारणी झाली, तर परिसरातील पेट्या एका दिवसात ओस पडू शकतात.

यात शेतकऱ्याचेही नुकसान आहे. मकरंदाच्या शोधात फिरताना माश्या परागीभवन करतात आणि त्याचे मोल मधाच्या किमतीहून कितीतरी अधिक असते. सूर्यफूल, कांद्याचे बी, वेलवर्गीय भाज्या यांचे उत्पादन त्यावर अवलंबून असते. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचे फळसुद्धा परागीभवन नीट झाले तर भरदार आणि सुडौल येते, नाहीतर वेडेवाकडे. म्हणूनच मध न विकताही शेतात पेटी ठेवणे अनेकांना फायद्याचे वाटू लागले आहे.

या व्यवसायाला आधार देणाऱ्या संस्था महाराष्ट्रात जुन्या आहेत. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करत आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे. याच मंडळाच्या पुढाकाराने मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावही त्या वाटेने गेले. गावातील बहुतेक घरांनी मधमाश्या पाळाव्यात, रान राखावे आणि पाहुण्यांना पेटीपासून बाटलीपर्यंतचा प्रवास दाखवावा, अशी त्यामागील कल्पना. राखलेल्या रानावरच सातेरीचा फुलोरा अवलंबून असल्यामुळे पेट्या वाटण्याइतकेच जांभूळ, हिरडा, गेळा यांची झाडे टिकवणेही त्यात महत्त्वाचे ठरते.

अठराव्या शतकातील स्लोव्हेनियन मधपाळ अँटन यान्शा यांच्या स्मरणार्थ २०१८ पासून २० मे हा जागतिक मधमाशी दिन म्हणून पाळला जातो. सह्याद्रीतील मधपाळासाठी ही तारीख अगदी ऐन वेळी येते. भाषणे आणि प्रभातफेऱ्या कोठे कोठे होतात. डोंगरगावातील मधपाळ मात्र त्या दिवशी पेटीचे झाकण उचलून मधकोठीतील चौकटी मोजत असतो. त्यांतल्या काही तो काढून घेतो, उरलेल्या जागच्या जागी ठेवून झाकण लावतो, वर पावसासाठी पत्रा टाकतो आणि तो उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवतो. त्याचा निर्णय बरोबर होता की चूक, हे पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात कळते.